शंभरावं कुटुंब

सिद्धेश्वरचा डावा खुबा दुरुस्त झाला नाही, तर आपला फायदा किती, हा हिशेब हणमंतरावांनी कागदावर कधी मांडला नव्हता. पण तोंडपाठ होता. पहिली जमा म्हणजे विहिरीच्या अंगाची वीस गुंठे काळी जमीन. ऑपरेशन पदरच्या पैशाने करायचं म्हटलं तर सिद्धेश्वरला ती विकावी लागणार, आणि बांधाला बांध लागून असलेल्या भाऊबंदाला डावलून बाहेरच्याला जमीन देण्याची उमरदऱ्यात रीत नाही. दुसरी जमा, पोळ्याचा मान. तिसरी, गावच्या दूध सोसायटीची चेअरमनकी, कारण ज्याला डेअरीच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत तो माणूस चेअरमन म्हणून किती दिवस टिकणार? आणि खर्चाच्या बाजूला काय? काही नाही. आपलं आपलं गप्प बसायचं. गप्प बसायला काय पैसे पडतात?

दोघे सख्खे चुलतभाऊ. नायगाव तालुक्यातल्या या गावात एकाच सुईणीच्या हातावर तीन महिन्यांच्या अंतराने जन्मले, आणि ते तीन महिने हणमंतरावांना साठ वर्षं पुरले. थोरला सिद्धेश्वर. मग मुंज्याच्या नारळापासून सोसायटीच्या खुर्चीपर्यंत सगळं आधी त्याचं. त्याच्या म्हशीला फॅट सात-दोन लागायचं, यांच्या म्हशीला सहा-चार. त्याचं सोयाबीन एकरी दहा क्विंटल, यांचं साडेआठ. रान तेच, बी तेच, पाऊस तर वरून दोघांनाही सारखाच. त्याचा पोरगा लातूरला एका क्लासच्या कचेरीत टेबलाशी बसायचा, यांचा हैदराबादला गोदामात माल चढवायचा. पगार यांच्या पोराचा दोन हजारांनी जास्त होता, पण ते सांगून पटवावं लागायचं आणि टेबल न सांगता दिसायचं.

बरं, माणूस वाईट असता तर निदान मोकळेपणाने राग तरी करता आला असता. तीही सोय नव्हती. एका साली हणमंतरावांना टायफॉइड झाला. एकवीस दिवस अंथरुणावर. भेटायला कोण आलं? सिद्धेश्वर. रोज यायचा, आणि येताना नायगावहून शहाळं आणायचा. ती एकवीस शहाळी हणमंतरावांना अजून पचलेली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी मात्र दिवस फिरले. सिद्धेश्वरच्या खुब्याची वाटी झिजली. आधी लंगडला, मग काठी आली, मग खाट. त्याची बायको महामाया त्याला काखेत हात घालून उठवायची, बसवायची, अंगणापर्यंत न्यायची. आणि त्या वर्षीच्या पोळ्याला, वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी न्यायचा घराण्याचा मान हणमंतरावांकडे आला. मानाच्या जोडीचा कासरा धरून घरातल्या कर्त्याने स्वतः वेशीपासून मारुतीपर्यंत चालायचं असतं. खाटेवरून ते होत नाही. हणमंतराव चालले. फेटा बांधून, अंगरख्याची घडी मोडू न देता, असे हळू चालले की मागच्या चाळीस बैलजोड्या कंटाळून शेपट्या हलवत उभ्या राहिल्या. तीन पोळे ते असे चालले. चौथ्याची त्यांना आता सवय झाल्यासारखी होती.

आणि मधेच ही योजना आडवी आली.

योजना तशी जुनीच. दूध संघाने पाच वर्षांपूर्वी आपल्या सभासदांसाठी काढलेली. वर्षाला कुटुंबामागे बाराशे रुपये, तेही रोख नाही, दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून तीनशे-तीनशे करून चार वेळा कापायचे. त्यात नवराबायको, लेकरं, म्हातारी माणसं. नांदेड-लातूरच्या ठरलेल्या दवाखान्यांत ऑपरेशन झालं तर संघ पैसे भरणार. अट एकच: गावातून निदान शंभर कुटुंबं पाहिजेत. नव्याण्णव झाली तर गाव बाहेर, आणि कापलेले पैसे ज्याचे त्याला परत.

गावाला ही योजना समजली नव्हती असं नाही. ज्याने त्याने आपापल्या परीने समजून घेतली होती. काहींना ती भिशी वाटायची. चार वर्षं भरले, एक गोळी खाल्ली नाही, तर आता आमचे अठ्ठेचाळीसशे परत द्या, म्हणून दोघं जण वर्षाराणीच्या दारात जाऊन बसले होते. वर्षाराणी म्हणजे गावातलीच बारावी झालेली सून. संघाने तिला आरोग्यसखी नेमलेलं. ती सगळ्यांना तेच तेच सांगायची, की मामा, हे पैसे साठत नसतात, ज्याला लागतात त्याच्या कामी येतात. हेच वाक्य हणमंतरावांना झोंबायचं. ज्याला लागतात त्याच्या म्हणजे? डेअरीच्या भिंतीवर एक काळी पाटी होती. वर्षभरात कुणाला किती मिळाले ते तिच्यावर खडूने लिहायचे. हणमंतराव रोज सकाळी दुधाची किटली मापावर ठेवायचे आणि ती पाटी वाचायचे. अमक्याचं अपेंडिक्स, अठ्ठावीस हजार. तमकीचं बाळंतपण, पस्तीस हजार. वाचता वाचता त्यांना स्वतःच्या धडधाकट प्रकृतीचा संताप यायचा. पाच वर्षांत सर्दीसुद्धा अशी झाली नाही की पाटीवर जावी.

तरी ते भरत राहिले. कारण न भरावं तर नेमकं त्याच वर्षी काही व्हायचं, आणि मग सगळे म्हणायचे.

यंदा नांदेडच्या डॉक्टरांनी सिद्धेश्वरला सांगितलं की खुबा बदलला तर तो चालेल; काठीने, पण चालेल. खर्च एक लाख सत्तर हजार. योजनेतून एक लाख वीस मिळतील. उरलेले पन्नास हजार पोरगा आणि थोडं सोयाबीन मिळून निघतील. तारीख मिळाली जुलैची. जमीन विकायची गरज नाही, खाट कायमची उभी करून ठेवायची, आणि पोळा तर ऑगस्टअखेर.

हणमंतरावांचा पाठ केलेला हिशेब एका दमात पुसला गेला.

पण मे महिन्यात एक गोष्ट त्यांच्या कानावर आली. भिशी समजून भरणारे बरेच जण यंदा गळाले होते. डेअरीचा सचिव विरूपाक्ष वही घेऊन बसला तेव्हा मोजदाद बरोबर शंभरवर येऊन थांबली. त्यात हणमंतराव होते. ते धरून शंभर.

याची जाणीव सिद्धेश्वरला त्यांच्याआधी झाली होती. त्याने निरोप पाठवला. हणमंतराव गेले. खाटेशेजारी लोखंडी खुर्ची होती, ती त्यांनी अंमळ लांब ओढून घेतली. महामायाने चहा आणला. कप ठेवून वाकलेली कमर सरळ करताना तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, ते हणमंतरावांनी पाहिलं आणि चहात साखर जास्त झाल्याचं ठरवलं. सिद्धेश्वर इकडचं तिकडचं बोलला. पेरणी, खत, हैदराबादच्या पोराची ख्यालीखुशाली. मग मुद्द्यावर आला.

“हणमंता, पंचवीस तारखेपर्यंत नाव काढू नको बाबा. तुझं धरून शंभर भरायलेत.”

“मी कशाला काढीन दादा?”

“न्हाई, काढशील असं न्हाई म्हणत. पर तू हिशेबी माणूस. तुला कधी फायदा झाला न्हाई ना त्याच्यातून. म्हणून म्हणलं.”

“बघू की,” हणमंतराव म्हणाले.

त्या दोन शब्दांत त्यांना जे सुख मिळालं ते तीन पोळ्यांत मिळालं नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदा सिद्धेश्वरने त्यांच्याकडे काही मागितलं होतं, आणि देणं न देणं त्यांच्या हातात होतं. ते सुख त्यांनी आठ दिवस जपून वापरलं. डेअरीवर कुणी विचारलं की म्हणायचे, बघायलोय. चोवीस तारखेला, दूध घालून झाल्यावर, ते विरूपाक्षापाशी थांबले आणि आपल्या नंबरापुढचं नाव काढायला सांगितलं. कारण? प्रकृती ठणठणीत आहे, सोयाबीनचं बी महागलंय, बाराशे म्हणजे बाराशे. विरूपाक्षाने पट्टी घेऊन सरळ रेघ मारली. मनातून त्याला वाकडी मारायची असावी.

घरी आल्यावर त्यांनी विमलला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. तसं सांगायचं कारण नव्हतं, पण एवढी मोठी गोष्ट कुणाला तरी सांगावी लागते. विमल ज्वारी निवडत होती. सुपातला एक खडा उचलून तिने लांब फेकला.

संध्याकाळी हणमंतराव विहिरीकडे गेले आणि सिद्धेश्वरच्या रानाच्या कडेने पावलं टाकत त्यांनी वीस गुंठे मोजून पाहिले. साडेवीस भरले.

एक जूनला संघाची जीप गावात आली. वर्षाराणी डेअरीच्या ओट्यावर बसून कार्डं वाटायला लागली. नवी कोरी, कुटुंबाचा फोटो लावलेली, शंभर कार्डं.

हणमंतराव हातात रिकामी किटली घेऊन उभे राहिले. शंभर? नव्याण्णव म्हणा. त्यांनी विरूपाक्षाला विचारलं; तो म्हणाला यादी संघाकडे गेली, शंभर आहेत, मोजून घेतलेत. कुणाचं नाव वाढलं? तो म्हणाला, वर्षाराणीकडे आहे सगळं. वर्षाराणी म्हणाली, मामा, दुसऱ्याच्या घरची माहिती सांगायची नसते, संघाचा नियम हाय. तुम्ही तर योजनेतच न्हाईत.

तुम्ही तर योजनेतच नाहीत, हे तिने साधेपणाने म्हटलं होतं. हणमंतरावांना ते पुढचे पंधरा दिवस ऐकू येत राहिलं.

ते पंधरा दिवस त्यांनी गाव मनातल्या मनात घरोघर फिरून तपासलं. नव्याने कुणी म्हैस घेतली? कुणी नाही. गळालेल्यांपैकी कुणी परत आलं? एकेकाला आडून विचारलं, कुणीच नाही. मग उरलं एकच. सिद्धेश्वरने कुणाला तरी खोटा सभासद करून घुसवलं. चेअरमनच तो. दावणीला जनावर नाही, डेअरीत थेंब घालत नाही, अशा कुणाच्या नावावर बाराशे टाकले आणि एक लाख वीस हजार उपटायची सोय केली. हे सुचलं तेव्हा हणमंतरावांना इतकं बरं वाटलं की दुपारच्या दोन भाकरी तीनवर गेल्या. शेवटी एकदाचा सिद्धेश्वर वाईट निघाला होता.

त्या आनंदात घरातल्या एका कुरबुरीकडे त्यांनी पुरतं लक्ष दिलं नाही. संध्याकाळच्या दुधाचे पैसे कमी यायला लागले होते. सकाळचं म्हशीचं दूध हणमंतराव स्वतः घालायचे. संध्याकाळचं जर्सी गाईचं विमल घालायची आणि दहा दिवसांनी पैसे आणून त्यांच्या हातावर ठेवायची. त्यातून त्यांची पानसुपारी, चहा, नायगावची फेरी निघायची. मेअखेरपासून दर बिलाला तीनशे रुपये कमी. विमल म्हणाली, गाय उतरली, लिटरभर कमी देतेय. हणमंतराव पैसे पक्के मोजायचे, पण लिटर मोजायला म्हणजे संध्याकाळी बायामाणसांच्या रांगेत उभं राहावं लागलं असतं. त्यांनी गाईवर विश्वास ठेवण्यापेक्षा पेंडीवर ठेवला. ज्या बाराशे रुपयांची बचत केली होती त्यांत सहाशे घालून सरकी पेंडीचं पोतं आणून टाकलं. गाय पेंड खाऊन तुकतुकीत झाली. पैसे तेवढेच राहिले.

जूनच्या वीस तारखेला त्यांनी संघाला पत्र लिहिलं. रेघांच्या कागदावर, टपोऱ्या अक्षरात. उमरदरा गावच्या शंभर कुटुंबांत एक सभासद बोगस असून त्याच्या मालकीचं जनावर नाही, तरी सखोल चौकशी होऊन गरीब शेतकऱ्यांच्या पैशाचा अपहार थांबावा. खाली सही: एक जागरूक शेतकरी. नायगावला जाऊन त्यांनी ते स्वतः पेटीत टाकलं आणि परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपासणीला संघाच्या अधिकारी मंजुषा मॅडम आल्या. सकाळची वेळ, डेअरीवर गर्दी. सिद्धेश्वरलाही चेअरमन म्हणून बोलावून घेतलेलं. दोघांनी खुर्चीसकट उचलून त्याला ओट्यावर ठेवलं होतं. पुढच्या गुरुवारी त्याला नांदेडला दाखल व्हायचं होतं. महामाया त्याच्या मागे खुर्चीची पाठ धरून उभी होती. हणमंतराव खांबाला टेकून होते. गर्दीत, पण सगळं दिसेल असे.

मॅडमनी सांगितलं की तक्रार आली आहे, सभासदाच्या मालकीचं जनावर पाहिजे हा नियम आहे, आणि आज प्रत्येक नावाशी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर ताडून पाहायचा आहे. बोगस निघाला तर नाव रद्द. नाव रद्द झालं तर नव्याण्णव. नव्याण्णव झाले तर काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

एक एक नाव निघालं. दीड तास गेला. नव्याण्णव बिल्ले जुळले. हणमंतरावांनी खांब सोडला आणि दोन पावलं पुढे आले.

“सभासद नंबर एकशे बारा,” मॅडमनी वाचलं. “विमल हणमंतराव. कुटुंबात फक्त स्वतः.”

हणमंतराव आणखी एक पाऊल पुढे येणार होते, ते तिथेच राहिलं.

एकशे बारा नंबर त्यांच्या डोक्यातून साफ गेला होता. पाच वर्षांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीत ते सिद्धेश्वरविरुद्ध उभे राहिले होते. घरातलं एक मत दोन व्हावं म्हणून त्यांनी शंभर रुपयांचा शेअर घेऊन विमलला सभासद करून टाकलं, आणि नावापुरतं दूध दिसावं म्हणून संध्याकाळचं गाईचं दूध तिच्या नंबरावर घालायला लावलं. निवडणूक ते अकरा मतांनी हरले, म्हणून त्या एका मताचं काय झालं याची चौकशी त्यांनी केली नाही. नंबर तसाच राहिला. दूध रोज पडत राहिलं.

मॅडमनी कागद उलटवला. “या बिल्ल्याची गाय तर हणमंतरावांच्या नावावर दिसतेय. यांच्या मालकीचं दुसरं जनावर नाही?”

तक्रार खरी निघण्याच्या बेतात होती.

विमल बायकांमधून पुढे आली. तिच्या हातात किटलीचं झाकण होतं. किटली मागेच राहिली होती.

“मॅडम, त्यांनी नाव काढलं तवा मी माझ्या नंबरावर टाकलं. पैसे माझ्या दुधातून कापलेत. चिठ्ठ्या हायत माझ्यापाशी.”

“पण मालकांनी काढलं, तर तुम्ही का टाकलं?”

“त्यांना काही होत न्हाई, मॅडम. मला होतंय.” विमलने झाकण या हातातून त्या हातात घेतलं. “नायगावच्या शिबिरात पोटाचा फोटो काढला. पित्ताशयात खडे हायत. वर्षाच्या आत काढा म्हणले.”

“शिबिर कधी झालं?”

“फेब्रुवारीत. महामायाबाई संगं होत्या. त्यांनीच नेलं.”

हणमंतरावांनी महामायाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मग सिद्धेश्वरकडे पाहिलं. सिद्धेश्वर त्यांच्याकडेच पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नावालाही नव्हतं. त्याला माहीत होतं. फेब्रुवारीपासून माहीत होतं. जमीन, फॅट, टेबल, खुर्ची हे सगळं एकवेळ सोडा. आपल्या बायकोच्या पोटातले खडेसुद्धा आधी सिद्धेश्वरला कळले. आधी हेवा आला आणि काळजी त्याच्यामागून, दमत दमत, आली एवढं खरं.

रात्री जेवल्यावर विमल भिंतीला पाठ लावून बसायची, पोटावर तांब्या धरून. ते विचारायचे, काय झालं. ती म्हणायची, पित्त झालंय. ते म्हणायचे, हरभऱ्याची डाळ कमी खा. एवढीच विचारपूस. याहून जास्त विचारलं तर दवाखान्याचा खर्च निघतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“हणमंतराव कोण?” मॅडमनी विचारलं.

गर्दी बाजूला झाली. त्यांना वाट करून द्यायला कुणी इतकं तत्पर पूर्वी नव्हतं, पोळ्यालासुद्धा नाही.

“गाय कोणाची आहे ते तुम्ही सांगा. तुमची असेल तर यांचं सभासदत्व बोगस धरावं लागेल, आणि मग मागच्या निवडणुकीतलं मतदानही बघावं लागेल. यांची असेल तर तसं लेखी द्या, बिल्ला यांच्या नावावर होईल. पुढे बदल नाही.”

हणमंतरावांनी हिशेब घातला. आयुष्यभराचा सराव होता, वेळ लागला नाही. गाय माझी म्हणावं तर नव्याण्णव. सिद्धेश्वर खाटेवर, वीस गुंठे बांधाला, मान आपल्याकडे. आणि निवडणुकीत बायकोला खोटी सभासद केल्याचा बोभाटा. ते सोसलं असतं. लोक चार दिवस बोलतात. पण मग खडे कुणाच्या नावावर काढायचे? चाळीस-पन्नास हजार आणायचे कुठून? सिद्धेश्वरचे वीस गुंठे घ्यायला जे जमवले होते त्यातूनच. म्हणजे जमीन त्याच्याकडेच राहणार. आणि न काढावेत तर?

या शेवटच्या रकमेपुढे त्यांना आकडा सुचेना. त्यांनी विमलकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती त्या झाकणाच्या कडेवर वाळलेलं दूध नखाने खरवडत होती, रोज संध्याकाळी खरवडते तसं. नवरा काय बोलणार याची तिला खात्री असावी. आणि ती चांगली नसावी.

“गाय तिची हाय,” हणमंतराव म्हणाले.

“मोठ्याने सांगा.”

“गाय हिची हाय म्हणलं. मीच घेऊन दिली होती. बिल्ला मारायला डॉक्टर आले तवा ही रानात होती, म्हणून माझं नाव पडलं.”

महामायाने खुर्चीची पाठ सोडली आणि तिथेच ओट्यावर बसली. विरूपाक्षाने कागद पुढे सरकवला. हणमंतरावांनी वहीवर टेकून लिहिलं: सदर जर्सी गाय माझी पत्नी सौ. विमल हिच्या मालकीची असून तिच्या दुधावर माझा कोणताही हक्क राहणार नाही. हे शेवटचं मॅडमनी सांगून लिहवून घेतलं. खाली सही केली. मॅडमनी तो कागद घेऊन फाइलमध्ये लावला. तिथे आधीच एक रेघांचा कागद होता, टपोऱ्या अक्षराचा. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“अक्षर छान आहे हो तुमचं,” त्या म्हणाल्या आणि फाइल बंद केली.

विरूपाक्षाला खोकला आला. मागे कुणीतरी तोंडावर उपरणं घेतलं. सिद्धेश्वर तेवढा हसला नाही. त्याने हणमंतरावांना हाताने जवळ बोलावलं, आणि ते गेले, कारण न जाऊन सांगायचं काय?

“हणमंता, लई केलंस,” तो म्हणाला.

तो मनापासून म्हणाला की खोचून, हे हणमंतराव त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. सापडलं नाही. मनापासून असेल तर ते जास्त वाईट होतं.

सिद्धेश्वर गुरुवारी दाखल झाला, शनिवारी त्याचा खुबा बदलला. ऑगस्टअखेर तो काठी टेकत वेशीपर्यंत आला. कासरा पोराने धरायचा, आपण नुसतं शेजारून चालायचं, असं त्याने ठरवलं आणि मान परत घेतला. एकदासुद्धा म्हणाला नाही की यंदा हणमंता तू चाल. वेशीपासून मारुतीपर्यंत त्याला पाऊण तास लागला. दुसरी जोडी हणमंतरावांची. त्याच्या पाठीकडे बघत, त्याच्या काठीच्या ठेक्याने, ते पाऊण तास चालले. ओट्यावरच्या पोरीबाळी मोबाइलवर काठी टेकणाऱ्या सिद्धेश्वरचे फोटो काढत होत्या. त्यातल्या दोन-तीनांत मागे हणमंतरावांचा फेटा आला आहे.

विमलचे खडे सप्टेंबरात लातूरला काढले. हणमंतराव चार दिवस तिच्यापाशी होते. तिथल्या आपल्या पोराकडून डबा घेऊन येताना महामाया शहाळी आणायची. ती किती, हे त्यांनी मोजायचं नाही असं ठरवलं आणि तरी मोजली. पाटीवर विमलचं नाव लिहिलं गेलं, बेचाळीस हजार. गावाने हणमंतरावांना जागरूककाका म्हणायला सुरुवात केली, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणतात.

आता शेवटची बेरीज. खुब्याचे एक लाख वीस हजार आणि खड्यांचे बेचाळीस हजार संघाने भरले. संघाने म्हणजे गावोगावच्या दूधवाल्यांनी, कुटुंबामागे बाराशेप्रमाणे. वरचे पन्नास हजार सिद्धेश्वरच्या पोराने आणि सोयाबीनने. उमरदऱ्याचे शंभरावे बाराशे विमलच्या गाईने दिले. ती गाय चाळीस हजारांची. ती हणमंतरावांची होती, आता नाही. तिचं संध्याकाळचं बिल महिन्याला अडीच-तीन हजार. तेही आता विमलच्या खात्यात जातं आणि तिथेच राहतं. पानसुपारीला हणमंतराव तिच्याकडे मागतात, ती विचारते, किती? वीस गुंठे मिळाले नाहीत, चेअरमनकी मिळाली नाही, मान गेला. ते ज्या योजनेत नव्हते तिच्यापायी गावात सगळ्यात जास्त भरणा त्यांचाच झाला. सरकी पेंडीच्या पोत्याचे अठराशे वेगळे.